स्थानिक पालकाचे टिपण

महाराष्ट्राबाहेर बदली झालेल्या सरकारी नोकराच्या वाट्याला काही पदे नियुक्तिपत्राशिवायच येतात. गणेशोत्सवाच्या वर्गणीचा खजिनदार, तीर्थयात्रेस निघालेल्या दूरच्या आप्तांचा वाटाड्या आणि गावाकडून शिकावयास आलेल्या मुलांचा स्थानिक पालक. पहिली दोन पदे ऋतुमानाप्रमाणे येतात व जातात. तिसरे मात्र एकदा स्वीकारले की मुलाचे शिक्षण संपेपर्यंत खाली ठेवता येत नाही. या पदाला वेतनश्रेणी नाही, कर्तव्यांची यादी नाही, तक्रार घेऊन जावे असा वरिष्ठही नाही. वसतिगृहाच्या छापील अर्जावर एका रेघेवर सही करावयाची, एवढाच काय तो त्याचा शपथविधी.

चेन्नईस केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकुनी करीत असताना गेली अडीच वर्षे मी हे पद सांभाळीत आहे. ज्याचा मी स्थानिक पालक आहे तो माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा असून येथील एका सरकारी महाविद्यालयात तो वैद्यकशास्त्र शिकतो. या अडीच वर्षांत जे पाहिले त्यावरून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलांना अभ्यासाचा भार थकवितो हे खरेच. पण तो भार आपल्याला जाणवतच नाही असे सोंग दिवसरात्र वठवावे लागते, ते त्यांना अधिक थकविते.

सातारा जिल्ह्यातला मुलगा शिकण्यासाठी चेन्नईस कसा आला, असे गावाकडची माणसे अजून विचारतात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा साऱ्या देशातील विद्यार्थ्यांसाठी ठेवण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९८६ पासून चालत आली आहे. तिच्यामुळे मराठी मुले आज पाटण्यापासून मदुराईपर्यंत पसरलेली आहेत, आणि आपल्यापैकी अनेकांना हे बिनपगारी पद लाभले आहे. पद्धत चांगलीच आहे. परंतु अठरा वर्षांच्या मुलाने संपूर्ण परक्या भाषेच्या मुलखात जाऊन देशातला सर्वांत अवघड अभ्यासक्रम पुरा करावा, ही अपेक्षा ती करते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

शिवाय हा मुलगा चेन्नईस उतरला तेव्हा ताजातवाना नव्हता. प्रवासाचा शीण दोन दिवसांत जातो; हा शीण तीन वर्षांचा होता. दहावी होताच त्याला लातूरला ठेवले. अकरावी-बारावीची दोन वर्षे झाली, पहिल्या प्रयत्नात थोडक्यात जागा हुकली, म्हणून आणखी एक वर्ष. ज्या परीक्षेसाठी हे सारे, ती वर्षातून एकदा, एका दुपारी होते. एकूण गुण ७२०. बरोबर उत्तराला ४ मिळतात, चुकीच्या उत्तराला १ वजा होतो. २०२४ साली तिच्यासाठी २४ लाखांहून अधिक मुलांनी नावे नोंदविली होती, आणि देशात एम्.बी.बी.एस्.च्या जागा सव्वा लाखाच्या आतच होत्या. त्यांपैकी परवडण्याजोग्या सरकारी जागा निम्म्याच्या आसपास. माझे दाजी माध्यमिक शाळेत शिक्षक आहेत. लातूरच्या खर्चासाठी त्यांनी भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढली. ही गोष्ट त्यांनी मुलाला कधी ऐकविली नाही. परंतु घरात जे बोलले जात नाही ते मुलांना सर्वांत आधी कळते.

असा हा मुलगा गावच्या शाळेत पहिला. त्याचे नाव शाळेच्या भिंतीवर खडूने नव्हे, रंगाने लिहिलेले आहे. येथे आल्यावर तो दीडशे मुलांच्या वर्गात बसला, आणि त्या दीडशेंपैकी प्रत्येकाचे नाव कोठल्या ना कोठल्या भिंतीवर रंगाने लिहिलेले होते. हिशेब साधा आहे. दीडशे पहिल्या नंबरांना एकत्र बसविले की त्यांच्यातला कोणी तरी शंभरावा होणार आणि कोणी तरी दीडशेवा. त्यात कोणाची बुद्धी कमी झालेली नसते, माप बदललेले असते. पण ज्या मुलाने जन्मापासून आपली ओळख एका आकड्यावरच ठेवली आहे, त्याला हा फरक कोण समजावून सांगणार? पहिल्या अंतर्गत चाचणीचा निकाल लागला त्या आठवड्यात तो आमच्याकडे आला आणि मामीने केलेली पुरणपोळी त्याने मुकाट्याने खाल्ली. निकालाचे विचारता "ठीक आहे" म्हणाला. हा "ठीक आहे" पुढे सहा महिने आमच्या घरात राहिला.

अभ्यासाचा भार म्हणजे काय, हे मी त्याच्या टेबलावरील पुस्तकांवरून समजून घेतले. पहिल्या पर्वात शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र असे तीन विषय असतात. प्रौढ माणसाच्या अंगात हाडे २०६, स्नायू सहाशेंहून अधिक. प्रत्येक स्नायू कोठून निघतो, कोठे चिकटतो, कोणत्या मज्जातंतूच्या हुकमाने हलतो, हे सारे पाठ हवे. पूर्वी या पर्वाला दीड वर्ष मिळे. १९९७ च्या नियमांनी ते १२ महिन्यांवर आणले. २०१९ पासून नवा अभ्यासक्रम आला, त्यात कालावधी थोडा वाढला. पण आरंभीचा परिचयवर्ग आणि इतर नव्या गोष्टींनी तो भरूनही गेला. पुस्तके काही बारीक झाली नाहीत. व्याख्यानांना ७५ टक्के हजेरी हवी, प्रात्यक्षिकांना ८० टक्के. पहिली परीक्षा जास्तीत जास्त ४ प्रयत्नांत आणि सगळे शिक्षण ९ वर्षांत पुरे झाले पाहिजे. आम्हा कारकुनांना प्रलंबित कामाचे मासिक विवरण पाठवावे लागते, पण फाईल उद्यावर गेली तर ती उद्याच्या ढिगात जाते इतकेच. या मुलांच्या ढिगात रोज नवे शंभर कागद येतात आणि एकही निकाली निघत नाही, कारण आज पाठ केलेले परीक्षेपर्यंत टिकवायचे असते.

त्यातच मृतदेह. पहिल्या दिवशी या मुलांना देहदात्याबद्दल आदर बाळगण्याची शपथ देतात, ही चाल मला फार आवडली. परंतु शपथेनंतर फॉर्मॅलिनचा वास उरतोच. तो हातांना, वहीला, डब्यातल्या भाताला लागतो. घरात आजोबा गेले तेव्हा ज्याला आतल्या खोलीत बसविले होते, त्या मुलाने वर्षभर रोज सकाळी मृत्यूच्या शेजारी उभे राहून त्याची नावे पाठ करावयाची. आणि यात विशेष ते काय, असा चेहरा ठेवावयाचा. वर्गातील एकालाही भोवळ आली नाही, असे प्रत्येकजण दुसऱ्याला सांगत असतो.

याच सुमारास भाच्याला निरनिराळे आजार होऊ लागले. एकदा हृदयाच्या झडपेचा, एकदा कंठग्रंथीचा, आणि एका रविवारी तर मेंदूतील गाठीचा. रात्री उठून तो स्वतःची नाडी मोजी. ही तक्रार इतकी जुनी आहे की डॉक्टर मंडळींनी तिला "वैद्यकीय विद्यार्थ्यांचा रोग" असे नावच देऊन टाकले आहे. जो धडा वाचावा त्याची लक्षणे आपल्या अंगी दिसू लागतात. आम्ही दोघे खूप हसलो. मलाही नवीन सेवानियम वाचले की मी प्रत्येक कलमाखाली दोषी आहे असे वाटते, हे मी त्याला सांगितले. पण झडप धडधाकट असली तरी ज्या छातीत ती धडधडत होती तिच्यात काही तरी चालले होते, हे खोटे नव्हते.

मग त्याचे रविवार चुकू लागले. आला तरी खुर्चीवर बसल्या बसल्या डोळा लागे, आणि दचकून उठून तो किती वाजले ते विचारी. पँट कमरेला सैल झाली. मामीने वाढलेल्या पानातले अन्न तो इकडचे तिकडे करी. गावाहून आक्काचा फोन आला की आवाज बदलून बोले, इतका उत्साहाने की शेजारच्या खोलीत मला ते ऐकवेना. अखेर एका संध्याकाळी पान अर्धे टाकून तो म्हणाला, "मामा, मला परत जायचंय. मला हे जमणार नाही. आणि हे आईला सांगू नका."

त्या रात्री मी त्याला उपदेश केला नाही, कारण उपदेश करण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. झोप किती दिवस नाही एवढे विचारले. त्याने आठवडे मोजून सांगितले. महाविद्यालयाच्याच रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांचा विभाग आहे, तेथे का गेला नाहीस, असे विचारता तो म्हणाला, "तेच सर उद्या आम्हांला शिकवायला येणार. आणि बाहेर बाकांवर आमचेच सीनियर फिरत असतात." या उत्तराने मी थक्क झालो. जेथे शहरातील हजारो माणसे बरी होण्यासाठी येतात त्या आवारात राहणाऱ्या या मुलाला तेवढे एकच दार बंद होते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिलेला आहे, हे मी त्याला सांगितले. पण कायदा कागद बंद करू शकतो. बाकावरचे डोळे कसे बंद करणार? शेवटी आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला एका डॉक्टरांकडे गेलो.

मी बाहेर बसलो होतो. आत काय झाले ते त्यानेच पुढे सांगितले. डॉक्टरांनी झोप, भूक, अभ्यास सारे विचारले, आणि मग अगदी साध्या आवाजात, जीव नकोसा झाल्यासारखे वाटते काय, असेही विचारले. त्याने काय उत्तर दिले हे त्याने मला सांगितले नाही आणि मी विचारले नाही. "पण कोणीतरी विचारलं, त्यानं बरं वाटलं," एवढेच तो म्हणाला. आपल्यापैकी पुष्कळांना वाटते की असा प्रश्न विचारला तर नसलेली कल्पना मुलाच्या डोक्यात शिरेल. तसे होत नाही, असे या विषयातील जाणकार निक्षून सांगतात. उलट विचारल्याने कोंडलेल्याला वाट मिळते. हे मी आधी कोठे ऐकले असते तर कोरडी माहिती म्हणून सोडून दिले असते. आता मी ते विसरणार नाही.

माझा भाचा काही अपवाद नव्हता. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नेमलेल्या कृतिदलाने २०२४ साली आपला अहवाल दिला. पदवीचे २५,५९० विद्यार्थी त्याच्या पाहणीत सहभागी झाले होते. त्यांपैकी २७.८ टक्के मुलांनी आपणांस मानसिक आजार असल्याचे सांगितले, आणि १६.२ टक्के मुलांच्या मनात गेल्या वर्षभरात आत्मघाताचा विचार येऊन गेला होता. ही पाहणी स्वेच्छेने उत्तर देणाऱ्यांची असल्यामुळे आकडा चार-दोन टक्क्यांनी इकडेतिकडे होईल. परंतु दीडशेंच्या वर्गाला तो लावून पाहावा. म्हणजे सुमारे चोवीस मुले. ही चोवीस मुले एकमेकांशेजारी बसतात आणि प्रत्येकाला वाटते की असे फक्त आपल्यालाच होते.

ताण या शब्दाला आज जो शास्त्रीय अर्थ आहे त्याचा उगमही एका वैद्यकीय विद्यार्थ्यापाशीच सापडतो, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. हान्स सेल्ये हा प्राग येथे शिकत असता, प्राध्यापक एकामागून एक रोगी दाखवून प्रत्येकाच्या रोगाची वेगळी खूण शोधावयास सांगत. त्या तरुणाला खुणा ठाऊक नव्हत्या, पण एक गोष्ट दिसली. सगळेच रोगी सारखे आजारी दिसत होते: मलूल, भूक नसलेले, उतरलेले. वेगळेपण सोडून त्याने या सारखेपणाचा विचार केला, आणि १९३६ साली 'नेचर' या नियतकालिकात तो लहानशा टिपणाच्या रूपाने मांडला. शरीरावर कोणत्याही प्रकारचा आघात झाला तरी ते एकाच ठराविक रीतीने झुंजते, आणि झुंज लांबली की थकून पडते, असा त्याचा आशय होता.

पुढे अमेरिकेत एक प्रयोग झाला. फिलिप मरुचा, जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्याने तो १९९८ साली प्रसिद्ध केला. दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूला त्यांनी दोनदा बारीक जखम केली, एकदा उन्हाळ्याच्या सुटीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर. माणूस तोच, जखमही तेवढीच. परीक्षेच्या वेळची जखम भरून यायला सरासरी तीन दिवस, म्हणजे ४० टक्के अधिक वेळ लागला. "सगळे मनाचे खेळ आहेत" असे म्हणणाऱ्यांना मी हा प्रयोग सांगतो. मन थकले की टाळूचे कातडेसुद्धा सावकाश जुळते.

आमच्या कार्यालयातील एक ज्येष्ठ सहकारी, नागपूरकडील, या साऱ्याला दुसऱ्या बाजूने उत्तर देतात. ते म्हणतात, "डॉक्टर कणखरच पाहिजे. उद्या अपघाताचा रोगी समोर आला तर हा रडत बसणार काय? आग सोसल्याशिवाय सोने कसे होईल?" या बोलण्यात तथ्य नाही असे नाही. तंबोऱ्याची तार सैल सोडली तर स्वर निघत नाही. रोगी आपल्या हातून दगावू शकतो ही जाणीव, रात्री-अपरात्री उठण्याची तयारी, रक्त पाहून न डगमगणे, या गोष्टी त्या व्यवसायातच आहेत आणि त्यांचा ताण कोणी काढून घेऊ म्हटले तर डॉक्टर उरणारच नाही. परंतु तोंडी परीक्षेत चुकल्यावर साऱ्यांसमोर "तू कोणत्या खेड्यातून आलास?" असे विचारले जाते, ते कोणत्या रोग्याच्या हिताचे? दोन रात्री जागलेल्या माणसाकडून औषधाचे माप लिहून घेण्यात कोणता कणखरपणा येतो? आपण आजारी आहोत हे लपविण्याची सवय अंगी बाणल्याने निदान कसे सुधारते? एक भार कामाचा आहे, दुसरा परंपरेने वर लादलेला आहे. दोन्हींची गाठोडी एकत्र बांधून तीच मुलांच्या डोक्यावर दिली जातात, आणि एक उतरवावे म्हटले की दुसरे दाखविले जाते.

आपली आनंदीबाई जोशी सर्वांना ठाऊक आहे. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून ती डॉक्टर झाली, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची २२ वर्षेही पुरी झाली नसताना, पुण्यास वारली. शाळेत आम्हांला तिचा निर्धार शिकविला, आणि तो शिकवावा असाच आहे. परंतु परक्या देशाच्या थंडीत, अंगी न लागणाऱ्या आहारावर, ढासळत चाललेल्या प्रकृतीने तिने तो अभ्यास कसा पुरा केला असेल, हा प्रश्न धड्याखालील स्वाध्यायात नव्हता. सोसणाऱ्याचा गौरव करताना सोसण्याचाच गौरव होऊ नये, इतके भान ठेवावयास हवे. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर आपण मुलांना तेच एक उदाहरण देतो, आणि अर्धेच देतो.

सरकारी नोकर म्हणून आणखी एक विसंगती मला सतत खटकते. आम्हांला वर्षाला ३० दिवसांची अर्जित रजा आहे, २० दिवसांची अर्धवेतनी रजा आहे, आणि आजारी पडलो तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले की साहेब निमूटपणे सही करतात. आमच्या आजाराला प्रतिष्ठा आहे ती त्या डॉक्टरांच्या सहीमुळे. ही सही करणारा मात्र स्वतः आजारी पडला तर त्याच्या सहकाऱ्यांना अवघडल्यासारखे होते. निवासी डॉक्टरांनी सामान्यतः आठवड्याला ४८ तास आणि एका वेळी १२ तासांहून अधिक काम करू नये, असे केंद्र सरकारच्या १९९२ च्या योजनेत लिहिलेले आहे. अशा आदेशांची भाषा मला परिचित आहे; त्यातील "सामान्यतः" या शब्दातून किती मोठी गाडी जाऊ शकते हेही ठाऊक आहे. २०२४ च्या कृतिदलाने शिफारस केली ती आठवड्याला ७४ तासांहून अधिक काम नसावे आणि एक सुटी मिळावी अशी. बत्तीस वर्षांत ४८ चे ७४ झाले, आणि प्रत्यक्ष स्थिती पाहता ७४ हीसुद्धा सवलतच ठरावी. माझ्या भाच्याला हे दिवस अजून यावयाचे आहेत. वॉर्डात भिंतीला टेकून उभ्याने झोपलेला वरिष्ठ त्याने पाहिला आहे, आणि त्यात त्याला आपले पुढील चित्र दिसले आहे.

तो परत गेला नाही. औषधे काही महिने चालली, डॉक्टरांकडे जाणे-येणे राहिले. आक्काला मी स्वतः फोन करून सगळे सांगितले, अर्थात त्याची परवानगी घेऊन. ती पलीकडे बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पास नाही झाला तरी चालेल म्हणावं. आधी खाऊन घे म्हणावं." हा निरोप मी जसाच्या तसा पोहोचविला. पहिल्या परीक्षेत तो शरीरक्रियाशास्त्रात नापास झाला आणि पुरवणी परीक्षेत सुटला. भिंतीवर रंगाने लिहिण्यासारखे यात काही नाही. पण नापास होऊनही सूर्य उगवतो, मेसमध्ये इडली मिळते आणि मामी दार उघडते, हे त्याने पाहिले. आणि माझ्या मते त्या वर्षी तो एवढे शिकला हेच फार झाले.

दुसऱ्या वर्षी वॉर्डात जाणे सुरू झाले, तेव्हा तमिळची भिंत पुन्हा समोर आली. व्याख्याने इंग्रजीत होतात, पण रोग्याचे दुखणे तमिळमध्ये असते. "एंगे वलिक्कुदु?" म्हणजे कोठे दुखते, हे त्याचे पहिले तमिळ वाक्य. त्याचे उच्चार ऐकून खाटेवरच्या म्हाताऱ्या हसत आणि दुरुस्त करीत. एके दुपारी अशाच एका बाईंची सारी हकीकत मोडक्या शब्दांत टिपून घेतल्यावर त्या त्याच्याकडे पाहून म्हणाल्या, "साप्टिया, तंबी?" जेवलास का रे, बाळ? हा प्रसंग त्याने मला त्याच संध्याकाळी फोन करून सांगितला. ज्या शहरात वर्षभर त्याला फक्त गुण, हजेरी आणि हाडांची नावे विचारली गेली होती, तेथे रुग्णाने डॉक्टरची विचारपूस केली होती. तमिळ माणसाच्या तोंडी हा प्रश्न सहजच असतो. पण सहज विचारलेले पुष्कळदा खोल जाते.

या मासिकाचे वाचक बहुतेक माझ्यासारखेच बदलीवरचे आहेत, आणि आज ना उद्या त्यांच्याकडेही कोणाच्या तरी मुलाचा अर्ज सहीसाठी येईल. सही अवश्य करावी. अभ्यासक्रम बदलणे, कामाचे तास बांधून देणे, अपमान करणाऱ्यांना आवरणे, या गोष्टी आपल्या अधिकारकक्षेबाहेरच्या आहेत, आणि ज्यांच्या कक्षेत आहेत त्यांनी त्या केल्याच पाहिजेत. आपल्या हाती आहे ते लहान आहे. आठवड्यातून एकदा त्याला आपल्या भाषेत बोलू द्यावे. गुण विचारू नयेत. ते विचारणारे पुष्कळ आहेत. झोप आणि जेवण विचारावे. तो "ठीक आहे" म्हणाला तर दुसऱ्यांदा विचारावे. गरज पडलीच तर त्याच्या महाविद्यालयापासून दूरचा डॉक्टर शोधून सोबत जावे आणि बाहेरच्या बाकावर बसावे. टेलि-मानस ही सरकारी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रीबेरात्रीही कोणी तरी ऐकून घेते, आणि त्याला आपले नाव-गाव ठाऊक नसते; लाजणाऱ्या मुलांना हे फार सोयीचे पडते. हा क्रमांक त्याला द्यावा, आणि आपल्याही वहीत लिहून ठेवावा.

भाचा आता तिसऱ्या वर्षाच्या उंबरठ्यावर आहे. अजून घाबरतो, अजून काही चाचण्यांत मागे पडतो, पण मागे पडलो हे सांगतो. गेल्या रविवारी तो सकाळीच आला, पोहे खाल्ले आणि आतल्या खोलीत जाऊन आडवा झाला. दुपारचे चार वाजले तरी उठला नाही. पत्नी म्हणाली, उद्या त्याची चाचणी आहे, हाक मारू का? मी नको म्हटले. खोलीचा पंखा चालू होता, आणि आम्ही दोघांनी चहा स्वयंपाकघरातच, भांड्यांचा आवाज न करता, घेतला.